गुरुदासांची झांज आणि अकरा खुर्च्या

मित्रांनो, मी एक जुनी झांज आहे. टाळ नव्हे हं! टाळ माझा धाकटा भाऊ, गरीब स्वभावाचा. मी वाजले की समोरचा दचकलाच पाहिजे. माझ्या तबकड्या दोन आहेत, पण जीव एकच, म्हणून मी स्वतःला 'मी' म्हणते. मी थोडी गर्विष्ठ आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तो गर्व कसा उतरला, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

घाटावरच्या एका कासाराने मला कांशातून घडवलं. तापव, ठोक, पुन्हा तापव, असं करून त्याने मला जीव अगदी नकोसा करून सोडला. मी त्याला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या. पण त्या ठोकण्यामुळेच माझा आवाज गोल झाला, असं जाणकार म्हणतात. तेव्हा आता त्याला माफ केलं आहे.

त्याने मला विकायला आणलं ते मसुऱ्याला, आंगणेवाडीच्या जत्रेत. तिथे सोळा वर्षांचा एक मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आईने त्याला खाजं, म्हणजे जत्रेतला गुळाचा खाऊ, घ्यायला पैसे दिले होते. त्याने खाजं सोडलं आणि मला घेतलं. घरी गेल्यावर त्याला चांगला ओरडा बसला. त्या मुलाचं नाव गुरुदास.

पुढे गुरुदास गावचे पोस्टमन झाले. दिवसा पत्रं वाटायची आणि रात्री भजनात मला वाजवायचं, हा त्यांचा नेम. आमच्या बुवांची डबलबारी असली की मग काय विचारता! डबलबारीत दोन भजनी बुवा आपापली माणसं घेऊन समोरासमोर बसतात. एकाने गायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. मधूनमधून चिमटे आणि टोमणे. पखवाज तापला की गुरुदास मला अशी काही उडवायचे की बायामाणसं पदर सावरत पुढे सरकायची. बुवांपेक्षा जास्त टाळ्या मलाच पडायच्या, असं आपलं माझं मत आहे.

गुरुदासांना अठ्ठावन्नावं वर्ष लागलं आणि काहीतरी बिनसलं. भजन थांबलेलं असायचं. मी त्यांच्या मांडीवर गप्प पडलेली असायची. आणि माझ्या कडा एकमेकींना लागून आपोआप किणकिण वाजायला लागायच्या. त्यांचा उजवा हात थरथरत होता. मला तर लाज वाटायची. बुवा बोलतायत आणि मध्येच माझी किणकिण! पोस्टाच्या वहीतलं त्यांचं टपोरं अक्षरही मुंगीएवढं झालं. त्यांच्या पत्नी यशोदाबाईंनी देवाला कौल लावला. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं वय झालं. आजार असेल, हे काही कुणाच्या डोक्यात आलं नाही.

अशात शेजारच्या गावच्या हरिश्चंद्र बुवांबरोबर आमची बारी ठरली. हरिश्चंद्र बुवा म्हणजे तोंडाने तिखट माणूस. त्यांनी गाता गाता पेटी थांबवली आणि गुरुदासांकडे बोट दाखवलं.

"झांजवाल्याचो हात बघा रे! सकाळची अजून उतराक नाय वाटता!"

अख्खा मांडव हसला. मित्रांनो, गुरुदासांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. जन्मात त्यांनी दारूचा थेंब घेतला नव्हता. बारी संपल्यावर ते घरी आले, मला जुन्या धोतरात गुंडाळलं आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून दिलं.

तीन वर्षं मी त्या ट्रंकेत काढली. माझ्या अंगावर हिरवट डाग पडले. बाहेरचं मला फक्त ऐकू यायचं. गुरुदासांनी भजन सोडलं, देवळात जाणं सोडलं, कोण आलं तर ते आतल्या खोलीत जाऊन बसायचे. शेवटी त्यांची मुलगी नम्रता हट्टाला पेटली. ती कुडाळला नोकरी करते. ती आईबाबांना गोव्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, तेव्हा कुठे आजाराचं नाव कळलं, पार्किन्सन. मेंदूत एक रसायन कमी पडतं, म्हणून हात थरथरतो, पाऊल अडतं, आवाज बारीक होतो. हा आजार मुळासकट जात नाही. पण औषधाने आणि व्यायामाने माणसाला पुष्कळ आधार मिळतो.

परत येताना ती तिघं बांद्याला चहाला थांबली. कपबशी गुरुदासांच्या हातात खडखडायला लागली. हॉटेलवाल्याने ती गुपचूप उचलली आणि स्टीलच्या पेल्यात अर्धाच चहा आणून दिला. दोन वेळा. यशोदाबाईंना त्याचं नाव माहीत नाही, पण 'बांद्याचो तो बरो माणूस' म्हणून त्या अजून त्याची आठवण काढतात.

माझी सुटका झाली ती एका सकाळी. यशोदाबाई ट्रंकेतले कपडे उन्हात घालत होत्या. गुरुदास आतून ओटीवर यायला निघाले आणि उंबऱ्यापाशी त्यांचे पाय जमिनीला चिकटले. हे आता रोजचंच झालं होतं. मन म्हणायचं चल, पाय म्हणायचे नाही. नेमकी तेव्हाच मी यशोदाबाईंच्या हाती लागले. त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मला वाजवलं. आई गं! कसलं ते वाजवणं!

"गो, पत्रो बडवतस काय?" गुरुदास उंबऱ्यातून वैतागले. "ताल खंय आसा त्याका?"

"मगे तुमी येवन दाखवा," यशोदाबाई म्हणाल्या आणि एक-दोन, एक-दोन बडवतच राहिल्या.

आणि गुरुदास आले! उंबरा ओलांडून, तरातरा, मला हिसकावून घ्यायला! मला हातात घेतल्यावर त्यांनी मागे वळून उंबऱ्याकडे पाहिलं. मग दोघंही हसली. हसता हसता यशोदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

व्यायाम शिकवणाऱ्या सारिका मॅडमनी पुढे आम्हाला समजावलं. कानाला ताल मिळाला की अडलेलं पाऊल उचलायला मदत होते. सगळ्यांनाच सारखी होईल असं नाही, पण पुष्कळांना होते. झालं! त्या दिवसापासून माझं काम बदललं. सकाळ-संध्याकाळ अंगणात एक-दोन, एक-दोन. खरं सांगू? मला फार राग यायचा. मी काय साधीसुधी झांज? मांडव गाजवलेली मी, आणि हे काय नशिबी आलं, म्हणून मी कुढायची. गुरुदास मात्र चालत होते. देवळात जाऊ लागले. सात वर्षं ते माझ्या तालावर चालले. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि ते गेले.

घर सुनं झालं. मी भिंतीवरच्या खिळ्याला लटकून राहिले. जिची मला लाज वाटायची, त्या किणकिणीची मला आता आठवण यायची.

वर्षश्राद्ध जवळ आलं तशी नम्रता आईला म्हणाली, "आई, बाबांच्या नावान कायतरी करूया. बाबांका तू होतस, झांज होती. बाकीच्यांका कोण आसा?" तिला गावात दर शनिवारी पार्किन्सनच्या माणसांसाठी व्यायामाचा वर्ग हवा होता. सारिका मॅडम यायला तयार होत्या. गाडीखर्च, धरायला कठडा, भक्कम खुर्च्या आणि गरिबाला औषध, एवढ्यासाठी पैसा लागणार होता. त्यासाठी डबलबारी ठेवायची ठरली, मे महिन्यात, मुंबईचे चाकरमानी गावात असताना. एका बाजूला आमचे बुवा. दुसऱ्या बाजूला कोण?

"हरिश्चंद्र बुवा," यशोदाबाई म्हणाल्या.

"त्यांका? आई, तुका याद नाय?"

"याद आसा म्हणानच."

यशोदाबाई मला पिशवीत घालून बुवांच्या घरी गेल्या. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, सगळी हकिकत सांगितली. बुवांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे वहिनी, त्या दिवशी..."

"व्हय. त्या दिवशी ते थेंबसुद्दा पियाले नव्हते."

बुवांनी मान खाली घातली. "मी येतलंय," ते म्हणाले. "बिदागी नको माका."

गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी आजूबाजूच्या वाड्यांतली अकरा नावं नम्रताला दिली. मला पिशवीत घालून ती घरोघर फिरली. सगळीकडे एकच उत्तर, "आमच्याकडे तसला कोण नाय." महादू रिक्षावाल्याने तर तिला ओटीवरूनच परत पाठवलं. पण आतून ताटलीवर चमचा थरथरल्याचा आवाज येत होता. मी पिशवीत होते. मला तो आवाज लगेच ओळखू आला! आत महादूची आई हौसाबाई जेवत होती. ती दोन वर्षं घराबाहेर पडली नव्हती. लोक हसतील म्हणून.

नम्रता रडकुंडीला आली. "माणसाच नाय इली तर वर्ग कोणाचो घेवचो?"

डबलबारी दुपारी चार वाजता ठेवली होती, आजारी माणसांना झेपावं म्हणून. "दुपारची खंय बारी असता?" म्हणत लोक आले, आणि भरपूर आले. पहिल्या रांगेत अकरा खुर्च्या मोकळ्या ठेवल्या होत्या. मध्यंतरात नारळाची पावणी, म्हणजे लिलाव, झाली. एक चाकरमानी आणि एक आंबेवाला असे इरेला पेटले की एकाच नारळाने कठड्याचा खर्च भागवला! वर्षभराची सोय झाली. पण अकरा खुर्च्या तशाच रिकाम्या. नम्रता त्यांच्याकडे बघायचं टाळत होती. यशोदाबाई मला मांडीवर घेऊन कडेला बसल्या होत्या.

मग हरिश्चंद्र बुवांची पाळी आली. त्यांनी सूर धरला आणि मध्येच पेटी थांबवली. अगदी तशीच, त्या दिवशीसारखी. मला धडकीच भरली.

"मंडळींनू," बुवा म्हणाले, "अकरा वर्सांमागे मी भर मांडवात एका माणसाच्या हाताक हसलंय. तुमीव हसलात. तो हात दारूचो नव्हतो, आजाराचो होतो. माका ठावक नव्हता, पण इचारूक माका कोणी अडवलेला? गुरुदास आज नाय. म्हणान त्याच्या घरच्यांसमोर मी हात जोडतंय. आनी ज्यांच्या घरात असो हात आसा, त्यांनी तो लपवू नको. लाज आमका वाटाक होई, त्यांका नाय."

तेवढ्यात मागे कुणीतरी रिक्षातून उतरलं. हौसाबाई! 'खाली उतरूचंय नाय, रिक्षातसूनच ऐकतलंय' अशा अटीवर ती मुलाबरोबर आली होती. महादूचा हात धरून ती मांडवाच्या तोंडापर्यंत आली. तिथे लाल गालिचा सुरू होत होता. आणि त्या गालिच्याच्या कडेशी तिचे पाय चिकटले. शंभर माना तिच्याकडे वळल्या. तिचा चेहरा कसनुसा झाला. महादू कानात म्हणाला, "आये, परत जावया."

मित्रांनो, मी ओरडणार होते, पण झांजेला हाताशिवाय ओरडता येत नाही. तोच बुवा स्टेजवरून खाली उतरले. त्यांनी यशोदाबाईंपुढे हात केला.

"वहिनी, झांज देवा. ताल कसो?"

"साधो," यशोदाबाई म्हणाल्या. "एक-दोन, एक-दोन. तुमची कलाकारी नको."

आणि सत्तरीचे ते नावाजलेले बुवा हौसाबाईसमोर उभे राहून मला वाजवू लागले. एक-दोन. एक-दोन. हौसाबाईच्या टाचा हलल्या. एक पाऊल पडलं. मग दुसरं. बुवा उलट्या पावलांनी मागे सरकत होते, हौसाबाई पुढे येत होती. पखवाजवाल्याने हळूच साथ धरली, मग सगळ्या मांडवाने टाळ्यांचा ताल धरला. निम्म्या वाटेवर हौसाबाई थबकली आणि म्हणाली, "बुवानू, जरा बेगीन वाजवा! माका काय म्हातारी समाजलात?"

असा हशा पिकला म्हणता! अशाच मांडवात लोक पूर्वी एका हाताला हसले होते. आज ते हौसाबाईबरोबर हसत होते. दोन्ही हसण्यांत किती फरक आहे, ते मला त्या दिवशी कळलं. हौसाबाई पहिल्या खुर्चीवर बसली. संध्याकाळपर्यंत आणखी दोन खुर्च्या भरल्या. आयुष्यभर मी अवघड ताल वाजवून मिरवले. पण माझ्या हातून झालेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे तो साधा एक-दोन. माझा गर्व उतरला तो तिथे.

पुढच्या शनिवारी वर्ग सुरू झाला. पाच माणसं आली. आता आठ येतात. उरलेल्या तीन घरी नम्रता जातच असते. वर्गाच्या भिंतीवर गुरुदासांचा पोस्टाच्या खाकी कपड्यांतला फोटो लावला आहे. पहिल्याच दिवशी हौसाबाई म्हणाली, "बघू गो तुजी झांज." यशोदाबाईंनी मला तिच्या हातात दिलं. तिने मला मांडीवर ठेवलं आणि माझ्या कडा एकमेकींना लागून किणकिणायला लागल्या. तीच किणकिण! खुर्च्या मांडणाऱ्या यशोदाबाई जागच्या जागी थांबल्या. "ह्यो हेंचोच आवाज," त्या म्हणाल्या, आणि कितीतरी वेळ तो डोळे मिटून ऐकत राहिल्या.

तेव्हा मित्रांनो, तुम्हाला कुठे थरथरणारा हात दिसला, तर हसू नका आणि तोंडही फिरवू नका. बांद्याच्या त्या बऱ्या माणसासारखा पेला अर्धाच भरा. कुणाचं पाऊल अडलं तर त्याला ओढू नका, शेजारी उभे राहा आणि हळू आवाजात एक-दोन म्हणा. झांज नसली तरी चालेल. तुमच्या दोन तळहातांत ती आहेच.