सेफिनाच्या हातातला कर्णा

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे, हातात धरून बोलायचा, बॅटरीवर चालणारा. माझी सुरुवातीची वर्षं एका शाळेच्या पोहण्याच्या तलावावर गेली. माझी कड तुटली तेव्हा मला भंगारात टाकणार होते. पण नोरीन कॉनली या निवृत्त वकीलबाईंनी मला उचललं आणि माउंट ड्रुइट या उपनगरातल्या चर्चच्या सभागृहात आणलं. मोर्चा काढताना आपले हक्क कोणते, हे त्या दर गुरुवारी तिथे शिकवत. त्यांचा आवाज बारीक होता, म्हणून मी लागत असे.

वर्गात सेफिना येई. ती सामोआ बेटांवरून इथे आलेली, वृद्धाश्रमात काम करणारी. तिच्या आईला, लोतूला, आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागे. जवळचं केंद्र बंद करून दीड तासावर नेणार होते. चर्चमधल्या बायकांनी त्याविरुद्ध मोर्चा ठरवला होता. पण सेफिनाचा व्हिसा तात्पुरता होता.

"आंटी, मला पकडून परत धाडलं तर आईला कोण बघणार?" तिने विचारलं.

"म्हणून तर शिकायचं," नोरीन म्हणाल्या. "पोलिसांना सात दिवस आधी लेखी कळवायचं, त्याची प्रत जवळ ठेवायची. अडवलं तर धक्काबुक्की नाही, पळापळ नाही. नाव-पत्ता मागितला तर देऊन टाक, तिथे वाद नको. बाकी प्रश्नांना म्हणायचं, वकिलाशी बोलून सांगते. आणि सरळ विचारायचं, मला अटक केली आहे का?"

"हे पोलिसासमोर बोलू? मला तर पाद्रीबाबा खाकरले तरी घाम फुटतो!"

सगळा वर्ग हसला. नोरीननी किटलीवरची लोकरी टोपी डोक्यावर चढवली. "मी पोलीस. बोल आता!" त्या संध्याकाळी सेफिनाने अकरा वेळा तालीम केली.

मोर्चाच्या शनिवारी दोनशे माणसं गात निघाली. लोतू चाकांच्या खुर्चीत पुढे होती, मी सेफिनाच्या हातात. चौकात एका तरुण पोलिसाने हात आडवा केला.

"या मोर्चाची कुठेच नोंद नाही. पांगा, नाहीतर उचलावं लागेल."

सेफिनाचा तळवा माझ्या मुठीवर ओला झाला. तिने मला आईच्या मांडीवर ठेवलं आणि माझ्याशिवायच बोलली.

"साहेब, आम्ही नऊ दिवस आधी कळवलंय. ही प्रत. तुमचं नाव सांगता का? आणि मला अटक केली आहे का?"

"नाही... अटक नाही."

"मग आम्ही फुटपाथवर थांबतो. तुम्ही तुमच्या वरिष्ठांना विचारा."

तो वायरलेसवर बोलू लागला. गाणं थांबलं होतं. पंधरा मिनिटांनी एक सार्जंटबाई आल्या. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"कागद बरोबर आहे. आमच्याकडूनच निरोप पुढे गेला नाही. चला तुम्ही, गाड्या मी थांबवते."

सेफिना मटकन खाली बसली. हसत होती आणि रडतही होती.

"ऊठ गं," लोतू म्हणाली. "रडायला घरी वेळ आहे. लोक खोळंबलेत."

महिनाभरात केंद्र हलवण्याचा बेत रद्द झाला. लोतूला पूर्वीसारखंच दहा मिनिटांत पोचता येत राहिलं.

मग मात्र वर्ग ओस पडला. आता काय गरज, असं सगळ्यांना वाटलं. नोरीनचे गुडघे दुखू लागले. मी दोन वर्षं कपाटात पडून राहिलो. बॅटऱ्या आतल्या आत फुटून माझे कोपरे हिरवे झाले.

सेफिनाला कायमचा व्हिसा मिळाला, त्याच आठवड्यात तिने ते कपाट उघडलं. व्हिनेगर लावून माझा गंज खरवडला. आता वर्ग तीच घेते.

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू ठेवून देताना बॅटऱ्या तेवढ्या काढा. आणि तुमचे हक्क कुणी अडवायच्या आधीच शिकून घ्या, भीती वाटत असली तरी मोठ्याने म्हणून बघा. गेल्या गुरुवारी चाळीस खुर्च्या अपुऱ्या पडल्या. तिघी जणी दारात उभ्या राहून शिकल्या, आणि माझा आवाज त्यांच्यापर्यंत नीट पोचत होता.