पद्मामावशीचा पत्ता

ओवी वर्तकने जे केलं ते मुळीच अवघड नव्हतं. पुढे कोर्टात तिच्या वकिलानेही हेच सांगितलं, आणि ते ऐकताना तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

बारावीच्या वर्षी परीक्षेचं नाव काढलं तरी तिची बोटं गार पडायची. तेव्हा आईने, म्हणजे सुनेत्राने, तिला एका समुपदेशन केंद्रात नेलं होतं. सहा भेटींत फरक पडला. दोन वर्षांनी ओवी युनीत, म्हणजे सिडनीतल्या युनिव्हर्सिटीत, कॉम्प्युटर सायन्स शिकत होती. एप्रिलमधल्या एका दुपारी लायब्ररीत बसून जुन्या ईमेल पुसताना तिला त्या केंद्राची लिंक सापडली. उघडली तर तिचाच जुना फॉर्म. वर पत्त्याच्या पट्टीत शेवटी पाच आकडे होते. तिने सहज शेवटचा आकडा बदलला, तर दुसऱ्याच कुणाचा तरी फॉर्म समोर आला. नाव, फोन, राहायचं ठिकाण, आणि खाली ‘आपण कशासाठी येत आहात’ या प्रश्नाखाली आठ-दहा ओळी.

तिने तो लगेच बंद केला आणि केंद्राला ईमेल लिहिली. ‘दोन दिवसांत उत्तर देऊ’ असं आपोआप आलेलं उत्तर तेवढं मिळालं. तिने आठवड्याने पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर आलं. दार उघडंच होतं.

ऑनलाइन एका गटात ओवीचं नाव ‘मोपोक’ होतं. गटात बाराजण होते, कुणी कुणाला कधी भेटलेलं नव्हतं. घरी तिला जेवायला चार हाका माराव्या लागत, युनीत ती मागच्या बाकावर बसे. इथे मात्र मोपोक काय म्हणतो याची लोक वाट बघत. मोपोक ही मुलगी आहे, एकोणीस वर्षांची आहे, हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्या केंद्रावरचा राग तिने तिथे काढला. लोकांची दुखणी सांभाळायला घेतात आणि कुलूप बघा कसलं लावतात, असं लिहून तिने लिंक टाकली आणि युक्तीही सांगितली.

‘केल्पी’ नावाच्या एकाने लिहिलं, “लेजंड, मेट!”

दुसऱ्या दिवशी त्याने चार हजार फॉर्म उतरवून घेतले आणि कुणालाही मिळतील असे उघड्यावर टाकले. पैसे नाही, मागणी नाही, नुसती गंमत.

“काढ ते. आत्ताच्या आत्ता,” ओवीने लिहिलं. त्याने हसरा चेहरा पाठवला. तिने गट सोडला, आपल्या खुणा पुसल्या आणि लॅपटॉप मिटला. ती फाइल तिने उघडून पाहिली नाही. नावं बघायची तिची हिंमत झाली नाही.

ते केंद्र सुनेत्राने नंतर आपल्या एका मैत्रिणीलाही सुचवलं होतं. पद्मा सबनीस. कॅसल हिल उपनगरातल्या रविवारच्या मराठी शाळेत पद्माने सात वर्षं मुलांना शिकवलं. ओवीला ळ आणि ण म्हणता येतात ते तिच्यामुळे. तिचा नवरा राजीव इंजिनियर, गणपतीला स्टेज बांधायला सगळ्यांच्या आधी हजर, कुणाची गाडी बंद पडली की पहिला फोन त्याला. तो पद्माला अकरा वर्षं मारत होता. आदल्या वर्षी ती दोन बॅगा घेऊन निघाली, ती थेट मेलबर्नच्या टोकाला टार्निटला जाऊन राहिली. समुपदेशन व्हिडिओवर चालू ठेवलं, त्यासाठी नवा फॉर्म भरला. पत्ता चौघींनाच सांगितला. त्यातली एक सुनेत्रा. सुनेत्राने तो स्वतःच्या नवऱ्यालाही, यतिनलाही, सांगितला नव्हता.

जुलैत राजीव दहा तास गाडी चालवत टार्निटला गेला. तिथे सगळी घरं एकसारखी, तरी तो बरोबर घरासमोर थांबला होता. दुपारी पद्मा कामावरून आली, गाडी आत घेतली, आणि गॅरेजचं दार खाली येता येता तो खालून आत शिरला. हातात हातोडा होता. शेजारच्या पंजाबी ट्रक ड्रायव्हरने ओरडणं ऐकलं आणि बाजूचं दार फोडून तो आत आला, म्हणून पद्मा जगली.

सुनेत्रा दुसऱ्या दिवशीच्या विमानाने निघाली. युनीला सुट्टी होती, ओवी म्हणाली, “मीपण येते.”

हॉस्पिटलमध्ये पद्माचा डावा डोळा पट्टीखाली होता आणि डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. सुनेत्राने उजवा हात धरायला हात पुढे केला. पद्माने आपला हात काढून घेतला.

“कुणाला सांगितलंस?” पद्माने विचारलं. तिचा एकेक शब्द सावकाश येत होता.

“काय, गं?”

“पत्ता. चौघीच होत्या. तिघींना मी फोनवर विचारलं. तू राहिलीस.”

“पद्मा, शपथ घेऊन सांगते, यतिनलासुद्धा...”

“तो तुमच्याकडे जेवायला येत होता ना अजून? मी गेल्यावरही?”

राजीव दोनदा आला होता. यतिनला त्याला नाही म्हणता आलं नव्हतं.

“मी एक शब्द बोलले नाही,” सुनेत्रा म्हणाली.

“मग कुठून कळलं त्याला? आणखी फक्त त्या समुपदेशनवाल्या बाईंच्या फॉर्मवर होता. त्या कशाला सांगतील?” पद्माने तोंड भिंतीकडे फिरवलं. “जा तू.”

खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या ओवीने पलंगाची दांडी घट्ट धरली होती.

पद्माचे कपडे आणायला दोघी टार्निटच्या घरी गेल्या. बाहेर बोचरा वारा होता. पोलिसांचं काम संपलेलं होतं, पण गॅरेजमधली फरशी कुणी धुतली नव्हती. सुनेत्राने बादली शोधली आणि ती गुडघ्यांवर बसून फरशी घासू लागली. घासता घासता फोन वाजला. सिडनीहून, चौघींपैकीच एकीचा. सुनेत्रा दोन मिनिटं नुसती ऐकत राहिली, मग फोन ठेवून म्हणाली, “सगळ्यांना वाटतंय मीच सांगितलं. अकरा वर्षं मी तिला म्हणत होते नीघ म्हणून. आणि आता मीच.”

ओवी स्वयंपाकघरात गेली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिने ती फाइल शोधली. मिळायला वेळ लागला नाही. त्यात ‘सबनीस’ घातलं. ज्या घरात ती उभी होती त्याचा पत्ता फोनवर आला. खाली कारण लिहिलं होतं: ‘नवऱ्याला मी कुठे आहे हे माहीत नाही. झोप लागत नाही.’

ती गॅरेजमध्ये परत आली.

“आई, तू नाही सांगितलंस. इट वॉज मी.”

“काहीतरी बोलू नकोस, ओवी. तुला कुठे माहीत होता पत्ता?”

ओवीने फोन तिच्यापुढे धरला आणि सगळं सांगितलं, आकडा बदलल्यापासून. सुनेत्राला अर्धं समजलं नाही. पण जे समजलं तेवढ्याने तिच्या चेहऱ्यावर आधी सुटल्यासारखा भाव आला. तो ओवीने पाहिला. ओवीने पाहिलं हे सुनेत्राला कळलं, आणि ती ओल्या फरशीवरच बसून रडू लागली.

सुनेत्राने यतिनला फोन लावून स्पीकरवर ठेवला, आणि ओवीने त्यालाही सगळं सांगितलं. तो एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम बघायचा. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“तुझं खरं नाव कुठे आहे का त्या गटात?” त्याने विचारलं.

“नाही, बाबा.”

“घरच्या वायफायवरून?”

“नाही. युनीच्या. पण माझ्या लॉगइनवरून नाही.”

“मग तुझ्यापर्यंत कुणी पोचणार नाही. लॅपटॉप वरच्या खोलीत आहे ना? मी बघतो काय करायचं ते. दोघींनी तोंड बंद ठेवा. केंद्राची चूक आहे, ते भोगतील. त्या नालायकाला तर शिक्षा होणारच आहे.”

“आणि आई?”

“आईचं काय?”

“सगळे आईला ब्लेम करतायत, बाबा.”

“लोक विसरतात,” यतिन म्हणाला. “करिअर एकदा गेलं की परत येत नाही. मी तुझ्या भल्याचं सांगतोय.”

ओवीने आईकडे पाहिलं. आईने ‘गप्प राहा’ म्हटलं असतं तर ती गप्प राहिली असती, असं तिने पुढे कबूल केलं. सुनेत्रा म्हणाली, “यतिन, लॅपटॉपला हात लावू नकोस.” आणि तिने फोन बंद केला.

पोलिसांकडे जायच्या आधी ओवी हॉस्पिटलमध्ये गेली. सुनेत्रा बाहेर कॉरिडॉरमध्ये थांबली. पद्मामावशीने सगळं ऐकलं. मध्येच एकदा तिने पाणी मागितलं, ओवीने ते दिलं, ती प्यायलीही.

“माझ्या फॉर्मवर काय लिहिलं होतं ते वाचलंस?” तिने विचारलं.

“आज वाचलं.”

“आणि आणखी कुणीकुणी?”

“माहीत नाही, मावशी. कितीही असतील.”

पद्माने पाण्याचा ग्लास बाजूला सारला.

“तुझ्या आईला आत पाठव,” ती म्हणाली. “तू येऊ नकोस परत.”

आत काय बोलणं झालं ते सुनेत्राने घरात कधी सांगितलं नाही. तासाभराने ती बाहेर आली आणि दोघी टॅक्सीने पोलीस स्टेशनला गेल्या.

राजीवच्या फोनमध्ये ती फाइल सापडली; त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली. केंद्र बंद पडलं. केल्पी सापडला नाही. ओवीचा खटला पुढच्या मार्चमध्ये सिडनीत उभा राहिला. तिने स्वतःहून कबुली दिली होती, वय लहान होतं, म्हणून दोन वर्षांची शिक्षा तुरुंगाबाहेर, अटींवर भोगायची असं ठरलं; कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, ही त्यातली एक अट. युनीने नाव काढून टाकलं. पद्मा कोर्टात आली नाही. तिचं मराठीतलं निवेदन दुभाषी बाईंनी इंग्रजीतून वाचून दाखवलं. मूळ कागद ओवीला वकिलाकडे बघायला मिळाला. प्रत्येक ओळ उजवीकडे खाली घसरलेली होती.

‘हिला कमी शिक्षा द्या असं मी म्हणत नाही, जास्त द्या असंही म्हणत नाही. मला डाव्या डोळ्याने दिसत नाही. मी पुन्हा घर बदललं आहे आणि आता पत्ता कुणालाच देत नाही, डॉक्टरलाही नाही, त्यामुळे डॉक्टरकडे जाणं होत नाही. हिला माफ केलंस का असं मला सगळे विचारतात. ते विचारणं थांबवा.’

यतिन कोर्टात प्रत्येक तारखेला आला, पण आई-मुलीपासून एक रांग सोडून बसला. घरी तो ओवीशी बोलतो: दूध संपलंय का, गाडी कोण नेणार, असं. सुनेत्राशी तेवढंही नाही.

ओवी आता केलीव्हिलजवळच्या एका रोपवाटिकेत काम करते. सकाळी सहाला निघते, दुपारी तीनला परतते. एकदा तिथल्या मॅनेजरने तिला ऑफिसात बोलावलं. प्रिंटर चालत नव्हता, आणि तू कॉम्प्युटर शिकत होतीस ना, असं त्याने विचारलं.

“सॉरी, मला परवानगी नाही,” ओवी म्हणाली.

“नो वरीज,” तो म्हणाला, आणि त्याने पुढे काही विचारलं नाही. ती बाहेर जाऊन लिंबाच्या कलमांना पाणी घालू लागली.