पिवळ्या पट्ट्यांवर जळणारी काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे आणि स्वभावाने फार जळकी आहे. लाकडाचीच असल्यामुळे जळायला मला वेळ लागत नाही.

काठ्या-छत्र्यांच्या एका दुकानामागच्या खोलीत माझा जन्म झाला. कारागिराने मला वाफेवर मऊ केलं, हळूहळू वाकवून मूठ घडवली आणि ती पुन्हा सरळ होऊ नये म्हणून दोरीने करकचून बांधून ठेवली. मग पॉलिश झालं, टोकाला रबरी टोपण बसलं आणि मी दुकानाच्या काचेत उभी राहिले.

मला विकत घेतलं कवायतीच्या सरांनी. तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. चालायला त्यांना काठी कशाला लागते? मैदानावर ते मला हातभर पुढे धरत आणि माझ्या रेषेत मुलांची रांग सरळ करत. "डावा, उजवा!" हा त्यांचा आवाज भिंतीपलीकडच्या रस्त्यावर ऐकू जाई. मला त्यांनी कुणावर कधी उगारलं नाही. सर दिसले की मी दिसायचे आणि मी दिसले की सर. मला तेवढंच हवं होतं.

सर निवृत्त झाले आणि काही वर्षांनी त्यांची चाल बदलली. आधी चालताना एक हात हलेनासा झाला. मग पावलं लहान झाली, पाय घासू लागले. दाराशी आलं किंवा वळायची वेळ आली की पाय जमिनीला खिळून जात. डॉक्टरांनी सांगितलं, हा पार्किन्सनचा आजार आहे. ज्यांनी पोरांच्या पिढ्या चालवल्या, ते सर आता स्वतःच्या स्वयंपाकघराच्या दारात अडकून पडत.

"मेंदू म्हणतो चल, आणि पाय म्हणतात, तू कोण सांगणारा?" एकदा ते चिडून म्हणाले.

मला वाईट वाटलं. पण खरं सांगू? आता आपले दिवस आले, असंही वाटलं. सर मला घट्ट धरू लागले होते.

तेवढ्यात फिजिओथेरपीच्या बाई आल्या. त्यांनी सरांची चाल पाहिली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "सर, घरात ही काठी सध्या बाजूला ठेवू. दोन पाय ऐकत नाहीत, त्यात तिसऱ्याला कुठे सांभाळत बसता?"

सगळे हसले. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला.

बाईंनी पिशवीतून पिवळ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत, पावला-पावलाच्या अंतरावर आडव्या पट्ट्या चिकटवल्या. "समोर ओलांडायला काही दिसलं की खिळलेले पाय सुटतात. पट्टीवर पाय द्यायचा नाही, ती ओलांडायची. पाय उचला, आधी टाच टेकवा. घाई नको."

सरांनी पट्टीकडे पाहिलं. पाय उचलला. मग दुसरा. मग जणू काही झालंच नव्हतं असे ते दारातून आत गेले! त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे ताई म्हणतात, त्या डोळे पुसू लागल्या.

आणि मी? मी कोपऱ्यात, ओल्या छत्रीशेजारी उभी राहून जळत होते. काल आलेल्या या पट्ट्या! धड उभं राहता येत नाही, पाठीला गोंद लावून पडल्यात जमिनीवर. स्वतः जागच्या हलत नाहीत आणि म्हणे माणसाला चालवतात!

नव्याचे नऊ दिवस, असं मी स्वतःला समजावलं. पण नऊ दिवस कधीच उलटून गेले. रोज सकाळी ताई सरांच्या शेजारी उभ्या राहून ताल देत. "डावा, उजवा! लग्न झाल्यावर मलाही शिस्त लावायला निघाला होतात ना? घ्या आता." सर हसत आणि चालत. येणारा-जाणारा पट्ट्यांचं कौतुक करी. ताई त्या ओल्या फडक्याने लख्ख पुसत. माझ्या मुठीत कोळ्याने संसार थाटला, तो कुणाला दिसला नाही.

एके दिवशी ताई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. सर घरी आणि ताई दवाखान्यात.

"बाबा, तिथे कसे चालाल तुम्ही? तिथे कुठे आहेत पट्ट्या?" त्यांची मुलगी म्हणाली.

"तिने रोज मला चालवलं," सर म्हणाले, "आणि मी तिला बघायला जायचं नाही?"

मुलगी त्यांना घेऊन जायला तयार झाली. निघताना तिने मला उचललं, जाळं झटकलं आणि काखेत मारलं. माझा आनंद गगनात मावेना.

दवाखान्याच्या लांब गुळगुळीत वाटेवरून सर मुलीचा हात धरून कसेबसे चालले. ताईंच्या खोलीच्या दारात मात्र त्यांचे पाय खिळले. समोर खाटेवर ताई दिसत होत्या, पण मधलं दार ओलांडता येईना. मागे औषधांची ढकलगाडी घेऊन एक कर्मचारी आला. "आजोबा, सरका की!" मुलीने हात ओढला. "चला ना बाबा, लवकर!" सरांचा तोल पुढे जाऊ लागला. आता पडतात की काय, असं वाटलं.

"ओढू नकोस त्यांना!" ताई खाटेवरून ओरडल्या. "आधी थांबू दे. ती काठी आडवी ठेव त्यांच्या पुढ्यात. अहो, माझ्याकडे नका बघू. ती ओलांडा."

मुलीने मला जमिनीवर ठेवलं. त्या पट्ट्यांसारखंच, सपाट! सरांनी श्वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि पाय उंच उचलून मला ओलांडलं. मग ते थांबलेच नाहीत. थेट खाटेशी गेले आणि त्यांनी ताईंचा हात धरला.

मी तशीच खाली पडून होते. शेवटी गाडीवाल्याने मला उचललं, कुणी अडखळू नये म्हणून भिंतीला टेकवलं आणि "गाडी जरा मागे घेतो, सावकाश बसा," असं म्हणून तो थांबला.

ताई घरी आल्या. आधी वॉकर घेऊन चालल्या, नंतर त्यांना काठी लागली. त्यांच्या उंचीसाठी बाईंनी मला खालून कापून घ्यायला सांगितलं. दुखलं, पण मी ब्र काढला नाही. आता मी ताईंच्या हातात असते. संध्याकाळी दोघं फाटकापर्यंत जातात. सर थबकले की ताई माझं टोक त्यांच्या बुटापुढे टेकवतात, ते मला ओलांडतात आणि ताई मला लगेच उचलून घेतात. घरात मात्र अजून पट्ट्यांचंच राज्य आहे, आणि रोज सकाळी मी थोडी जळतेच.

तर मित्रांनो, चालता चालता कुणी खिळून उभं राहिलेलं दिसलं, तर त्यांना मागून ढकलू नका, हात ओढू नका, "लवकर" म्हणू नका. त्यांना थांबू द्या. मग ओलांडायला काही हवं का, ते विचारा. आणि घरात अशा पट्ट्या असतील तर त्यांची कड सुटलीय का, ते रोज बघा आणि दाबून बसवा. सुटलेल्या कडेत पाय अडकतो. पट्ट्यांची काळजी घ्या असं मी सांगतेय, म्हणजे बघा!