बारवेवरचा पोहरा

मी एक पोहरा आहे. लोखंडी पत्र्याचा, बूड गोल, कडी जाड. बूड गोल असल्यामुळे मला जमिनीवर नीट बसता येत नाही, कलंडतोच. पण विहिरीत सोडला की हाच कलंडणारा स्वभाव कामाला येतो. पाण्याला टेकताच मी आडवा होतो, पोटभर पाणी घेतो आणि दोराला हिसका बसला की वर निघतो.

हिंगोलीच्या बाजारात एका लोहाराने मला घडवलं. साल एकोणीसशे चौतीस असावं. त्याच मुलखातल्या गोरेगावच्या अलीकडे ज्या गावात माझं आयुष्य गेलं, तिथले व्यापारी पुनमचंद यांनी मला विकत घेतलं, बैलगाडीत घातलं आणि आपल्या परसातल्या विहिरीवर टांगलं.

गावात पाण्याच्या दोन जागा होत्या. एक ही परसातली विहीर, खोल, अरुंद, पाणी जरा मचूळ. दुसरी गावाची बारव. तिला दगडी पायऱ्या होत्या. बाया घागर घेऊन थेट पाण्यापर्यंत उतरत, घोटाभर पाण्यात उभ्या राहून घागर बुडवत, पुरुष शेतावरून येताना तिथंच पाय धुऊन ओंजळीनं पाणी पीत. बारवेचं पाणी गोड. आमच्या विहिरीकडे कुणी ढुंकूनही बघत नसे.

पुनमचंदांची बायको चंदाबाई. तिची पाणी भरायची रीत मला पहिल्या दिवसापासून नवलाची वाटली. मी वर आलो की ती घागरीच्या तोंडावर जाड फडकं दुहेरी करून बांधायची आणि माझ्यातलं पाणी त्यातून हळूहळू गाळायची. मग फडकं उलटं करून, त्यावर गाळलेलंच पाणी ओतून, ते परत माझ्यात घ्यायची आणि मला अलगद विहिरीत सोडायची. त्या पाण्यात काय असायचं? मला तर काही दिसत नव्हतं.

हाच प्रश्न एके दिवशी रुक्माबाईनं विचारला. रुक्माबाई ही सटवाजी नावाच्या कुणब्याची बायको. डाळी करायला, पापड लाटायला ती चंदाबाईकडे यायची. उंच, हाडापेरानं मजबूत आणि सारखी काहीतरी विचारणारी.

"शेटाणीबाई, हे रिकामं पाणी माघारी काहून सोडता?"

"रिकामं नाही गं. यात जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. त्यांचं घर विहिरीत, त्यांना घरी पोचवायचं. आमचा धर्म आहे."

रुक्माबाई माझ्यात वाकून बराच वेळ बघत राहिली. तिला काही दिसलं नाही. पण ती हसलीही नाही.

त्या मुलखात तेव्हा नारूचा रोग होता. तुमच्यातल्या पुष्कळांनी तो पाहिला नसेल, म्हणून सांगतो. उन्हाळा तापला की माणसाच्या पायावर एक फोड यायचा, आग-आग व्हायची, फोड फुटायचा आणि त्यातून सुतासारखा पांढरा लांब किडा डोकं बाहेर काढायचा. तो ओढून काढता येत नाही. काडीला गुंडाळून रोज थोडा-थोडा बाहेर काढायचा. महिना जायचा. माणूस तेवढे दिवस खाटेवर, आणि नेमके पेरणीच्या तोंडावर. कुणी म्हणायचं ही शीरच बाहेर येते, कुणी म्हणायचं अंगातली उष्णता. विहिरीवर टांगल्या-टांगल्या मला गावातलं सगळं ऐकू येई, कारण घरात कामाला येणाऱ्या बाया दोर ओढताना गप्प बसत नाहीत.

एका साली सटवाजीला नारू झाला. मृगाचा पाऊस पडून गेला होता, शेजारच्या रानात पेरणीच्या तिफणी चालल्या होत्या आणि हा खाटेवर. त्याच्यानं राहवलं नाही. त्यानं काडीला हिसका दिला. नारू तुटला, निम्मा आतच राहिला. दुसऱ्या दिवसापासून पाय सुजत गेला. गुडघ्यापर्यंत लाल, टणक, हात लावू देईना. ताप चढला, तो बरळायला लागला. रुक्माबाई जवसाचं पोटीस बांधी, फुटलेल्या जागेतला पू पिळून काढी आणि कामाला आली की विहिरीच्या कठड्याला धरून नुसती उभी राही. चंदाबाईनं एकदा तिच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा ती म्हणाली की आता पाय गेला तरी चालेल, माणूस राहावा.

माणूस राहिला. पायही राहिला, पण गुडघा आखडला. त्या साली त्यांचं रान दुसऱ्यांनी पेरलं.

त्यानंतर रुक्माबाईच्या मनात एकच गोष्ट घोळायला लागली. या घरात, शेटापासून धुणं धुणाऱ्या बाईपर्यंत, जे इथंच राहत आणि इथलंच पाणी पीत, त्यांच्यातल्या कुणाला नारू झालेला तिनं पाहिला नव्हता. तिनं चंदाबाईला विचारलं. चंदाबाई म्हणाली, जीवदयेचं पुण्य असेल. रुक्माबाईला ते खोटं वाटलं नाही, पण पुरतं पटलंही नाही. पुण्य लागतं ते करणाऱ्याला. धुणंवाली काही पाणी गाळत नव्हती, नुसती पीत होती. मग हे फडक्यानं होतं, का पोहऱ्यानं, का पाणीच वेगळं? ती माझ्याकडे अशी बघे, जणू मी उत्तर लपवून ठेवलंय.

शेवटी तिनं चंदाबाईजवळ पाणी मागितलं. आपल्यासाठी आणि आपल्या पोरीसाठी, पार्वतीसाठी. चंदाबाईनं लगेच होकार दिला. सटवाजीला मात्र मचूळ पाणी नको होतं. बारवेचं सोडून हे काहून प्यायचं, म्हणाला, आणि आखडल्या गुडघ्यानं पायऱ्या उतरून बारवेवर जात राहिला.

पुढचा उन्हाळा आला आणि रुक्माबाईच्याच घोट्याला फोड आला. ती त्या दिवशी लंगडतच विहिरीवर आली. पोरीला सोबत घेऊन आली होती, पोरीचं पाणी भरलं आणि गेली. चंदाबाई तिला एवढंच म्हणाली, "आणखी एक साल बघ. पाणी काय मी मोजून देते का?"

दुसऱ्या उन्हाळ्यात रुक्माबाईला काही झालं नाही. पार्वतीलाही नाही. सटवाजीच्या पायाला पुन्हा फोड आला.

त्याच दिवसांत निजाम सरकारकडून एक डॉक्टर गावोगाव नारू बघत फिरत होते. ते पुनमचंदांच्या ओसरीवर उतरले. गाव जमलं. पाटील व्यंकटरावही आले. डॉक्टरांनी ज्याचा फोड नुकताच फुटलाय असा माणूस मागितला, तेव्हा सटवाजी पुढं झाला. मग त्यांनी रुंद तोंडाचं भांडं आणि गार पाणी मागितलं. रुक्माबाईनं मला दोरातून सोडवलं आणि भरून आणलं.

सटवाजी माझ्यात पाय टाकायला धजेना. पिण्याचं भांडं होतो मी. त्यानं चंदाबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "टाका, दादा."

त्यानं पाय आत सोडला. मला दोन्ही बाजूंनी विटा लावून धरलं होतं. गार पाणी लागताच फोडाच्या तोंडातून काहीतरी सुटलं आणि पाण्यात पसरलं, दुधाचा थेंब पडावा तसं. पाणी गढूळ झालं. सगळे वाकून बघायला लागले. डॉक्टरांनी त्यातला थेंब काचेवर घेतला, वर भिंग धरलं आणि एकेकाला बोलावून दाखवलं. व्यंकटरावांनी बघितलं, पुनमचंदांनी बघितलं. रुक्माबाईची पाळी आली तेव्हा ती भिंगावरून डोळा काढीना. बारीक-बारीक सूत वळवळत होतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. नारूवाला माणूस बारवेत पाय घालतो, पायाची आग शांत होते आणि नारू आपली पिल्लं पाण्यात सोडतो. पाण्यात कणाएवढे बारीक जीव असतात, ते ही पिल्लं खातात. ते कण आपल्या पोटात जातात. पुढं सालभर नारू अंगात वाढतो आणि मग बाहेर निघतो. परसातल्या विहिरीत कुणाचा पाय जात नाही, म्हणून तिथं नारू नाही. आणि बारवेचंच पाणी प्यायचं तर शेटाणीबाईंसारखं जाड फडक्यातून गाळून प्यावं, ते कण फडक्यावर राहतात.

रुक्माबाईनं सालभराचं गणित ऐकलं आणि तिच्या तोंडून हुंकार आला. आपल्याला पहिल्या उन्हाळ्यात का झाला, ते तिला आत्ता उमगलं होतं.

सटवाजीचा पाय अजून माझ्यातच होता. तो हळू आवाजात म्हणाला, "म्हंजे माजा नारू मीच पिऊन राहिलो व्हय, साहेब?"

डॉक्टरांनी मान हलवली. सटवाजीनं मग पार्वतीकडे पाहिलं.

माझ्यातलं पाणी टाकायचं कुठं हा प्रश्न आला. डॉक्टर म्हणाले, पाण्यापासून लांब, तापल्या खडकावर. चंदाबाई तोंड फिरवून आत गेली, कारण तिच्या डोळ्यांसमोर आता ते जीव होते. रुक्माबाईनं ते काम केलं. मग मला राखेनं घासलं आणि चुलीवर ठेवून माझ्यात पाणी खळखळा उकळलं. इतका मी कधी तापलो नव्हतो.

डॉक्टर सांगून गेले की बारवेच्या पायऱ्या बुजवा, कठडा बांधा, दोर ओढायला चाकाची गडगडी लावा. ते सांगणं सोपं होतं. खालच्या पायरीवर साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवींचे, शेंदूर लावलेले दगड होते. व्यंकटराव म्हणाले, आसरांची वाट बंद केली तर गावावर काय ओढवंल ते कोण निस्तरणार? चावडीवर दोन दिवस हेच चाललं. बायांना तिथं बोलायची चाल नव्हती, म्हणून रुक्माबाईनं पाटलीणबाईंना गाठलं आणि निरोप पाठवला: आसरांना पूजतात बाया, तर बायाच त्यांना वर आणतील. नव्या कठड्यावर बसवतील, वटी भरतील. यावर पाटलांना नाही म्हणता येईना.

बायांनी एकेक दगड पदरात घेऊन वर आणला. मग पायऱ्यांवर दगड-माती पडायला लागली. आखडल्या गुडघ्याचा सटवाजी रोज टोपली वाहत होता. चंदाबाईनं मला बारवेला देऊन टाकलं. त्या दिवसाच्या आठवणीनं तिच्या विहिरीवर मी तिला नको होतो आणि टाकून देणंही तिला जमत नव्हतं. तेव्हापासून मी गावाचा झालो. घराघरातले हात मला लागले. कुणाचा हिसका जोराचा, कुणाचा मवाळ. कुणी ओढता-ओढता रडे, कुणी सासूची नक्कल करी.

पण खरी कसोटी पुढंच होती. पुढच्या उन्हाळ्यात गावात पुन्हा नारू निघाले. घरोघर. व्यंकटरावांच्या स्वतःच्या पायालाही. लोक चिडले. पायऱ्या गेल्या, आसरा हलवल्या, रोज दोर ओढून हात सोलले, आणि नारू तो नारूच. काही जण कुदळी घेऊन बारवेवर आले. सटवाजी बुजवलेल्या पायऱ्यांवर जाऊन बसला आणि उठेना.

रुक्माबाई घागर घेऊन आली होती. तिनं घागर खाली ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पाटलांसमोर बोलली. गावासमोर ती तशी पहिल्यांदाच बोलत होती.

"पाटील, मी शेटाणीबाईचं पाणी प्यायला लागले तवा पयल्या उन्हाळ्यात मलाबी झालता. तो आदल्या साली पेलेल्या पाण्याचा व्हता. दुसऱ्या साली न्हाई झाला. तुमचा नारूबी पायऱ्या बुजायच्या आधीचा हाय. एक साल कळ काढा. येत्या उन्हाळ्यात नवा निघाला, तर कुदळ मी मारते."

व्यंकटराव आपल्या पट्टी बांधलेल्या पायाकडे बघत राहिले. मग त्यांनी कुदळवाल्यांना घरी जायला सांगितलं.

ते साल मी कसं काढलं मला ठाऊक. रुक्माबाई पाणी भरताना आल्या-गेल्याच्या पायांकडे बघे. चैत्रात पार्वतीच्या टाचेवर फोड आला, तेव्हा रुक्माबाईच्या हातातून दोर सुटला आणि मी तळाला जाऊन बसलो. फोड नव्या वहाणेचा होता, दोन दिवसांत बसला. मला गळ टाकून वर काढलं, तेव्हा ती कठड्यावर बसून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

वैशाख गेला, जेठ गेला. नवा नारू निघाला नाही. पेरणीच्या आदल्या दिवशी व्यंकटराव स्वतः बारवेवर आले. माणसाला सांगितलं नाही, स्वतःच्या हातानं मला ओढून वर घेतलं, पाणी प्यायले आणि शेताकडे गेले.

या गोष्टीला आता आठ-नऊ सालं झाली. हे अठ्ठेचाळीस साल आहे. रझाकारांच्या धामधुमीत पुनमचंदांचं घर निजामाच्या हद्दीबाहेर, वाशीमला निघून गेलं. चंदाबाई जाताना बारवेवर आली होती. रुक्माबाई आणि ती, दोघी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. हिंगोलीचा बाजार भरत नाही, वाटा धोक्याच्या आहेत, लोखंड मिळत नाही. आणि मी म्हातारा झालोय. बुडाचा पत्रा झिजून चाळणीसारखा झालाय. रुक्माबाई डांबर-चिंध्यांनी भोकं बुजवते, ती दोन दिवस टिकतात.

वर येईपर्यंत मी निम्मा रिकामा होतो. बाया दोनदा ओढतात, उन्हात ताटकळतात, मला शिव्या देतात. पण पायऱ्या पुन्हा उघडू, असं अजून एकाही तोंडातून निघालेलं नाही.

माझं मागणं थोडकं आहे. वाटा मोकळ्या झाल्या की नवा पोहरा आणा. आधी त्याला दोर बांधा, मग मला सोडा. मधे एक दिवसही गडगडी मोकळी ठेवू नका.