शहाण्या कुत्र्याचा जळफळाट

मित्रांनो, सराव-खोलीच्या कपाटात, खालच्या खणात, पाय वर करून पडलेला हा जुना कापडी कुत्रा म्हणजे मी. प्राण्यांच्या दवाखान्यातली नर्स व्हायला जी मुलंमुली येतात, त्यांचा पहिला रोगी मीच. माझ्या पोटात कापूस आहे, डोळ्यांच्या जागी बटणं आहेत आणि स्वभाव, सरळच सांगतो, जळका आहे.

एका शिंपीणबाईने मला जुन्या पांघरुणातून शिवलं. घाईत तिने माझे पंजे गोल शिवून टाकले, बोटं काही केली नाहीत. त्यावाचून माझं कधी अडलं नाही.

माझे कामाचे दिवस फार सुखाचे होते. मुलं मला पट्ट्या बांधत, तोंडाला जाळी चढवत, उचलून वजनकाट्यावर ठेवत. मी कधी हललो नाही, चावलो नाही, टेबल ओलं केलं नाही. "याच्यासारखा शहाणा कुत्रा नाही," असं शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या. असल्या कौतुकाने दुसऱ्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं असतं. माझा कापूस फुगायचा.

मग झिपरी आली. केस सतत डोळ्यांवर, म्हणून सगळे तिला झिपरीच म्हणत. तास संपला की बाकीची मुलं पळायची, ही थांबायची. माझ्या पुढच्या पायावर कापूस, त्यावर पट्टी, त्यावर चिकटपट्टी. बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची. "झालं हं राजा, झालं," असं म्हणत राहायची. मी खरोखरच स्वतःला राजा समजू लागलो.

पण एके दिवशी तिला सराव-खोलीच्या काचेपलीकडच्या वॉर्डात पाठवलं, आणि मी टेबलावरून बघत राहिलो. तिथे तांबड्या होता, सायकलखाली पाय आलेला कुत्रा. तो विव्हळला, त्याने तिचं तोंड चाटलं आणि तिचा एप्रन ओला केला. आणि ती त्याला काय म्हणाली? "झालं हं राजा, झालं!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी पदवी त्या मुतऱ्याला!

तिने त्याला माझ्यासारखीच सुबक पट्टी बांधली, अख्खा पंजा गुंडाळून. तांबड्या संध्याकाळपर्यंत ती चावत, कण्हत राहिला. "नाटकं करू नकोस रे," म्हणत तिने त्याच्या गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं अडकवलं. मला बरं वाटलं.

सकाळी बाईंनी पट्टी कापली. बोटं सुजून गार पडली होती.

"अगं, मधली दोन बोटं उघडी ठेवायची, म्हणजे सूज कळते. किती वेळा घोकून घेतलं होतं!"

"पाठ आहे हो बाई. पण हात नेहमीच्या सवयीने चालले."

"रक्त फिरलं तर पाय राहील, नाहीतर कापावा लागेल. आज तू वॉर्डात नकोस. जा, सराव-खोलीत बस."

माझ्या मनात उकळ्या फुटल्या. आली की नाही परत माझ्याकडे! पण ती माझा गोल, बिनबोटांचा पंजा हातात घेऊन बघत बसली. मग तिने घरी फोन लावला.

"आई, मी कोर्स सोडून घरी येते. माझ्यामुळे त्या मुक्या जिवाचा पाय जाईल गं."

"ये की, घर तुझंच आहे," पलीकडून आवाज आला. "पण त्याच्या पायाचं काय झालं ते बघून ये. अर्ध्यावर पाठ फिरवू नकोस."

ती थांबली. हात रिकामे ठेववेनात म्हणून तिने सुईदोरा घेतला आणि माझ्या पंज्याला टाके घालून चार बोटं केली. मित्रांनो, तांबड्याचा पाय वाचावा असं मला मुळीच वाटत नव्हतं. पाय गेला तर झिपरीही जाईल, हे ध्यानात आलं तेव्हा कुठे वाटू लागलं.

दुपार कलल्यावर बाईंनी तिला हाक मारली. काचेतून मी पाहत होतो. रक्त फिरून बोटात जीव आला का, ते बघायला झिपरीने तांबड्याचं बोट हळूच चिमटलं. तो "कुईं" करून ओरडला आणि त्याने पाय खसकन ओढून घेतला.

"बाई, दुखतंय त्याला! दुखतंय!" झिपरी हसत होती आणि रडतही होती. बाईंनी एप्रनच्या टोकाने डोळे पुसले. एका कुईंसाठी एवढा आनंद! माझ्या आयुष्यभराच्या शहाणपणाला कुणी असं रडलं नव्हतं.

आज झिपरी त्या वॉर्डाची मुख्य नर्स आहे. नव्या मुलांना ती माझ्याकडे आणते आणि बजावते, "याच्यावर हात बसवा, पण याच्यावर विसंबू नका. हा कधी तक्रारच करत नाही." ऐकून मी जळतो, पण तिचं खरं आहे. म्हणून सांगतो, तुमच्या घरचं जनावर कुरकुरलं तर त्याला दटावू नका. आधी त्याचं कुठे दुखतंय ते बघा. सांगायला त्याच्याजवळ ती कुरकूर तेवढीच असते.

रक्त फिरतंय का ते कसं बघायचं, हे दाखवायला ती दर वेळी माझं बोट चिमटते. मुलं कान देऊन थांबतात. मी जिवाच्या आकांताने ओरडायला बघतो, आणि ती पुढचं शिकवू लागते.