माझ्या वाट्याची सुई

मी बावऱ्या बोलतोय. शर्यतीचा बैल. हसू नका! बैलानं बोलू नये असं कुठं लिहिलंय? आणि लिहिलं असलं तरी मला निम्मंच वाचता येतं. घाटावर, माणदेशात जन्मलो. शाळेच्या भिंतीला लागूनच माझा खुंटा होता, आतलं सगळं ऐकू यायचं. अर्धी बाराखडी झाली आणि गुरुजींची बदली झाली. तेवढंच शिक्षण.

शर्यतीवरची बंदी उठली आणि महादेवशेठनं मला पनवेलजवळ, आपल्या गावी आणलं. इथं शेतात आता इमारती उगवतात, त्यामुळे नांगराशी माझी ओळखच नाही. पळायचं, गुलाल अंगावर घ्यायचा आणि उरलेल्या वेळात लोकांची फजिती करायची. गळाभर सोनं घातलेले पाहुणे फोटोला शेजारी उभे राहिले, की नेमकं तेव्हाच मी शेपूट वर करायचो. शेठची बायको मालूबाई पदर तोंडाला लावून म्हणायची, "बरा उतरवलास रं त्यांचा माज!"

मग कमळाकर आला. गळ्यात नळी घालून फिरतो, डॉक्टर म्हणवतो. किती शिकलाय विचाराल, तर माझ्याहून फार नसावा.

"शेठ, स्टेरॉईड हाय. मांस धरतंय, दम वाढतोय," तो म्हणाला, आणि माझ्या मानेत सुई गेली. जुवात माझा जोडीदार हरण्या, त्याच्याही मानेत.

ताकद आली, खोटं कशाला बोलू? मान फुगली, वशिंड दगडासारखं झालं. पण आत चूल पेटल्यागत व्हायचं. माशी बसली तरी शिंगं शिवशिवायची. थट्टामस्करी सुचेनाशी झाली. मला माझीच भीती वाटायला लागली, बघा.

पुढच्या शर्यतीत आम्ही जिंकलो. पळताना जुवातून हरण्याचं काळीज मला कळत होतं. धडधड, मग गप्प, मग घाईघाईनं दोन ठोके. झेंडा ओलांडला आणि जू त्याच्या बाजूला खाली गेलं. लोक नाचत होते. हरण्या उठला नाही.

"नजर लागली," शेठ म्हणाला. मालूबाईनं माझ्यावरून मीठमिरच्या ओवाळल्या. सुईवरून कोण ओवाळणार?

शेठचा मुलगा हृतिक, मोठा गोड गडी. जिममध्ये घाम गाळायचा. गावदेवीच्या जत्रेत शरीरसौष्ठवाची स्पर्धा जिंकायची, हा त्याचा ध्यास. औषधाची बाटली गोठ्याच्या कोनाड्यात असायची. एक दिवस तो ती घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"बावऱ्या, तुझं अंग बघ कसलं झालंय! बैलाला गुण येतोय, मग मला काय धाड भरली?"

आणि माझ्या वाट्याची सुई त्यानं स्वतःच्या मांडीत टोचली.

दंड खरंच फुगले. गावातली पोरं दंड दाबून बघायला येऊ लागली. पण पाठभर मोठाले फोड आले. डोळे पिवळट दिसायला लागले. छाती बाईसारखी फुगली, ती तो बनियनखाली लपवायचा. आणखी काय आक्रसलं ते सांगत नाही, चारचौघांत बोलायचं नसतं. पूर्वी माझ्या कपाळाला कपाळ लावणारा हा पोरगा, मी बादली लवंडली म्हणून फावडं घेऊन अंगावर आला.

मग जत्रेचा दिवस उजाडला. दुपारी हृतिक गोठ्यात आला आणि दम लागला म्हणून माझ्या कुशीला टेकला. मला ऐकू आलं. धडधड, मग गप्प, मग घाईघाईनं दोन ठोके.

त्याला सांगू कसं? मी हंबरलो तर म्हणाला, "गप रं, नाटकी." त्यानं सुई भरली. तशी मी अंग तिरकं केलं आणि त्याला भिंतीशी दाबून धरला. शिंग लावलं नाही, नुसतं अंग.

"आये! हा बैल बघ! पिसाळलाय!"

मालूबाई काठी घेऊन धावली. एक रट्टा माझ्या पाठीत बसला. दुसरा उचलला आणि हात वरच राहिला.

"हातात काय हाय तुझ्या?"

"काय नाय. ताकदीचं हाय."

तिनं बाटली हिसकावली. तिला वाचता येत नाही. पण बाटलीवर चित्र होतं.

"ह्याच्यावर बैल काढलाय, मेल्या! तू कोन हायस? तुला शिंगं हायत?"

हृतिक हसायला गेला, आणि छाती धरून खाली बसला. "आये, धडधडतंय गं. कवापासून धडधडतंय. तुला बोललो नाय."

त्याला पनवेलला दवाखान्यात नेलं. काळीज सुजून मोठं झालंय म्हणे, यकृतही बिघडलंय. जगला. आता ओटीवर खाटेवर पडून असतो. पाण्याची कळशीही उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. खऱ्या डॉक्टरांनी.

मालूबाईनं कोनाडा रिकामा केला. मला वाटलं, सुटलो. पण आज कमळाकर पुन्हा फाटकात उभा राहिला, बगलेत पिशवी.

"शेठ, मोसम चालू झालाय. बावऱ्याला सुरू करायची ना?"

महादेवशेठनं खाटेकडं बघितलं. हृतिक भिंतीकडं तोंड करून पडला होता. मग शेठनं माझ्याकडं बघितलं. भिंतीवर माझ्या ढाली टांगल्यात, तिकडंही बघितलं.

"आज घरात बाईमानूस हाय, उद्या बाजाराला जाईल," शेठ हळूच म्हणाला. "उद्या ये."

नको म्हणाला नाही हो. उद्या ये म्हणाला.

तुम्हाला माणसांची बोली येते. पनवेलकडे कुणी येणारं असेल, तर आजच या. उद्या सुई पुन्हा येतेय, एवढं मालूबाईच्या कानात सांगा.