ओलं उजवीकडे, वाळलेलं डावीकडे

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे, लाँड्रीची. रंग पांढरा, निदान कागदावर तरी तसे लिहिले आहे. आता तो म्हाताऱ्याच्या दातांसारखा पिवळट झाला आहे. माझे वय तेवीस वर्षे. माणसांत हे वय लग्नाचे. गाड्यांत ते भंगाराचे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. त्या दिवशी माझ्यासारख्याच चाळीस गाड्या रांगेत उभ्या होत्या. एक चष्मेवाला माणूस आला, त्याने माझी दारे उघडून मिटून पाहिली, ब्रेक दाबून पाहिला आणि काचेवर खडूने बरोबरची खूण केली. ती माझी पहिली परीक्षा. तेव्हा मला भीती ठाऊकच नव्हती. नव्या गाडीला कसली भीती?

मला विकत घेतले दोन भावांनी. त्यांची लाँड्री होती, पण ती खरी चालवत होत्या त्यांच्या बायका, थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ. भाऊ यंत्रांपाशी राबत, शब्दाला महाग. बोलण्याचे सगळे काम दोघी जावांनी वाटून घेतले होते.

गाडी चालवायला दोघी माझ्यावरच शिकल्या. लाँड्रीपासून थोड्या अंतरावर कपडे वाळत घालायचे मैदान होते, तिथे दोऱ्यांच्या मधून माझ्या फेऱ्या चालत. दुसऱ्याच दिवशी धाकटीने एक अख्खी दोरी अकरा चादरींसकट माझ्या तोंडावर ओढून घेतली. मला काही दिसेना, तिलाही दिसेना. त्या दिवसापासून थोरलीने किल्ली आपल्या कमरेला अडकवली ती कायमची. परवाना मिळूनही धाकटी शेजारीच बसू लागली आणि शेजारी बसून चुका काढू लागली.

थोरली फार नेटकी बाई. तिने पहिल्याच आठवड्यात नियम घातला: ओलं उजवीकडे, वाळलेलं डावीकडे. धुतलेल्या कपड्यांच्या जड टोपल्या मैदानावर न्यायच्या त्या माझ्या उजव्या अंगाला, आणि वाळून इस्त्री झालेले गठ्ठे गिऱ्हाइकांकडे पोचवायचे ते डाव्या अंगाला. वाळलेल्या कपड्याला ओल्याचा स्पर्श होता कामा नये. तेवीस वर्षांत हा नियम एकदाही मोडला नाही. इस्पितळाच्या चादरी, खानावळीचे टेबलावरचे कपडे, वकिलांचे डगले, सगळे वेळेवर पोचले. इस्पितळातली मेट्रन म्हणायची, गाडी आली की घड्याळ लावून घ्यावं. थोरली त्या कौतुकाने महिनाभर फुललेली असे, आणि मित्रांनो, खरे सांगते, मीसुद्धा.

दुखणे केव्हा सुरू झाले ते मला नेमके सांगता येणार नाही. आधी उजवीकडचे मागचे चाक जरा आखडल्यासारखे वाटे. मग ब्रेक दाबला की डावी चाके घट्ट धरत, पण उजवीकडचे मागचे चाक नुसते फिरत राही, आणि माझे सगळे अंग डावीकडे ओढले जाई. एवढेसेच, बोटभर. पण थोरलीचे हात शहाणे होते. ब्रेक दाबला की ते आपोआप स्टीअरिंगचे चक्र थोडे उजवीकडे वळवत आणि मी सरळ थांबे. मी महिन्याला थोडी जास्त ओढत गेले, तिचे हात महिन्याला थोडे जास्त वळवत गेले. तिला स्वतःला याचा पत्ताच नव्हता. आईला लेकराचे बोबडे बोल जसे स्वच्छ ऐकू येतात, तसे ते होते.

धाकटीला मात्र दिसत होते. एकदा ती म्हणाली, "जाऊबाई, तुमची गाडी नाकासमोर चालत नाही हो."

"आधी तू तुझं नाक सरळ धर," थोरली म्हणाली.

दोघी हसल्या आणि विषय संपला. मी हसले नाही. मला ओरडून सांगावेसे वाटत होते की ती खरे बोलते आहे. पण गाडीला तोंड कुठे असते? एक भोंगा असतो, तोही दुसऱ्याने दाबायचा.

मग तो कागद सापडला. धाकटी माझ्या खणात टाचणी शोधत होती, तेव्हा माझ्या योग्यतेचे प्रमाणपत्र तिच्या हाती आले. त्याची मुदत महिनाअखेरीस संपत होती. दिवस उरले होते एकोणीस. त्यानंतर तपासणीत पास झाल्याशिवाय मला रस्त्यावर चाकही फिरवता येणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीच्या तपासणी केंद्रावर गेलो. ते गोदामांच्या मागे होते. तिथला जुना तपासनीस डोळे मिटून इंजिन ऐकायचा आणि शिक्का मारायचा. पण फाटकाला कुलूप होते. केंद्र हलवले आहे अशी पाटी होती आणि नवा पत्ता लिहिलेला तिचा खालचा तुकडा मोडून गेला होता. समोरच्या पंक्चरवाल्याने छातीठोकपणे रस्ता सांगितला. तासभर भटकून आम्ही पोचलो, तर तिथे नुसत्या दुचाकी तपासत होते. खिडकीतल्या बाईने माझ्याकडे पाहिले, मग या दोघींकडे पाहिले आणि म्हणाली, हिला आत घ्यायचे तर आधी भिंत पाडावी लागेल. तिने चिठ्ठीवर खरा पत्ता लिहून दिला. चौकात पोलीस दिसला की थोरली वेग कमी करायची. मुदत अजून संपली नव्हती, तरी तिला आपण काहीतरी चोरून नेत आहोत असेच वाटत होते.

खरे केंद्र गावाबाहेर होते. लांबलचक पत्र्याची शेड, जमिनीत बसवलेले फिरते लोखंडी रूळ, आणि आत जाणाऱ्या गाड्यांची रांग. त्यांनी सहा दिवसांनंतरची वेळ दिली आणि नियमांचा कागद दिला. धाकटीने तो वाटेत मोठ्याने वाचला. दिवे, भोंगा, टायर, धूर, स्टीअरिंग, ब्रेक, सगळे यंत्रावर तपासले जाईल. गाडी केंद्राचा चालक चालवील, मालकाने खाली उतरायचे. नापास झाल्यास पंधरा दिवसांत एकदाच फेरतपासणी. गाडी वीस वर्षांवरची असेल आणि पुन्हा नापास झाली, तर तिची नोंदणी रद्द.

"रद्द म्हणजे?" थोरलीने विचारले.

"म्हणजे भंगार," धाकटी म्हणाली. मग तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचून पाहिली.

ते सहा दिवस कसे गेले ते माझे मला ठाऊक. दोघींनी माझी तयारी केली. लाँड्रीवाल्यांना जी येते तीच तयारी. मला साबणाने दोनदा धुतले. काचा वर्तमानपत्राने लख्ख पुसल्या. आसनांच्या खोळी धुऊन, इस्त्री करून परत चढवल्या. एक दिवा बदलला, टायरमध्ये हवा भरली. थोरली माझ्याभोवती फिरून म्हणाली, आता हिला कोण नापास करतो तेच बघते. पण मित्रांनो, खाली वाकून माझ्या पोटाकडे कोणी पाहिले नाही.

परीक्षेच्या दिवशी थोरली उतरली आणि एक पोरसवदा, अनोळखी चालक माझ्या आसनावर बसला. तेवीस वर्षांत दुसऱ्याचा हात माझ्या चक्राला फारसा लागला नव्हता. त्याने मला त्या रुळांवर नेले. रूळ माझ्या चाकांखाली गरगरू लागले आणि त्याने ब्रेक दाबला. त्याचे हात वळले नाहीत. का वळावेत? त्याला माझी खोड माहीतच नव्हती. समोरच्या पडद्यावर दोन आकडे उमटले, एक मोठा आणि एक अगदी लहान, आणि खाली लाल अक्षरे.

तपासनीस शांत माणूस होता. ब्रेक डावीकडे जास्त धरतो, फरक मर्यादेबाहेर आहे, गाडी ओढते, असे त्याने सांगितले.

थोरलीचा चेहरा उतरला. "अहो, मी रोज चालवते. माझ्या हातात ती कधीच ओढत नाही."

"तुमच्या हातात नाही ओढत, बाई," तो म्हणाला. "तुमचे हात तिला ओढू देत नाहीत. पण पावसात रस्ता निसरडा असेल आणि अचानक कोणी आडवं आलं, तर हातांना तेवढा वेळ मिळायचा नाही."

थोरली धाकटीकडे पाहत होती. धाकटी नियमांच्या कागदाची घडी घालत होती. एकदा घातली, उलगडली, पुन्हा घातली. आता ती बोलणार, मी म्हणतच होते म्हणणार, असे मला वाटले. पण तिने कागद पिशवीत ठेवला आणि माझे दार उघडले.

गॅरेजमध्ये फोरमन माझ्याखाली सरपटत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर तांबूस पापुद्रे होते. त्याने विचारले, ही गाडी समुद्रात चालवता की काय? उजवीकडच्या ब्रेकची नळी गंजून नासली होती, चाकाच्या आतला भागही अडकून बसला होता. डावी बाजू मात्र धडधाकट होती. तो म्हणाला की असा एकाच अंगाचा गंज त्याने जन्मात पाहिला नव्हता.

थोरलीने माझे मागचे दार उघडले. उजवीकडची टोपल्यांची जागा तिने हाताने चाचपली. तिथल्या पत्र्याला सुईच्या नेढ्याएवढी भोके पडली होती. तेवीस वर्षे ओल्या कपड्यांतले सोड्याचे पाणी थेंब थेंब त्यातून खाली गळत होते, नेमके त्याच चाकावर.

"ओलं उजवीकडे," ती म्हणाली. "मीच घातलेला नियम."

फोरमनने नळी बदलली, चाक मोकळे केले, पत्र्याला जोड दिला आणि टोपल्यांखाली ठेवायला काठाचा ट्रे करून दिला. त्याला चार दिवस लागले. मला हलके वाटत होते. बऱ्याच काळाने माझी चारही चाके एका मताने थांबत होती. मला वाटले, सुटले.

खरी भीती तर पुढेच होती. गॅरेजमधून निघून आम्ही पहिल्या चौकात आलो. थोरलीने ब्रेक दाबला. मी सरळ थांबत होते. पण तिचे हात सवयीने उजवीकडे वळले, आणि मी सरळ थांबायच्या ऐवजी उजवीकडे घुसले. तिथून एक पोस्टमन सायकलवर येत होता. त्याने उडी मारली. सायकल आडवी झाली, पत्रे रस्ताभर पसरली. मी त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबले.

त्याला काही लागले नव्हते. दोघींनी खाली बसून एकेक पत्र गोळा करून दिले. तो म्हणाला, बाई, गाडी दुरुस्त करून घ्या. गाडी तर तिने नुकतीच दुरुस्त करून आणली होती.

घरापर्यंतचा रस्ता तिने पायी चालण्याच्या वेगाने काटला. प्रत्येक ब्रेकला तिचे हात वळायला बघत आणि ती त्यांना जोर करून धरून ठेवी. त्यानंतर चार दिवस मी लाँड्रीच्या दारात उभीच होते. गठ्ठे हातगाडीवरून गेले. मेट्रनचे घड्याळ चुकले. लोकांना वाटले, गाडी अजून बिघडलेलीच आहे.

फेरतपासणीच्या सकाळी थोरलीने मला कसेबसे केंद्रावर नेले. तोच चालक, तेच रूळ. चार दिवसांची दुरुस्ती पुरी पडेल का? एखादा गंजका तुकडा आत राहिला असेल तर? नोंदणी रद्द, हे शब्द माझ्या पत्र्यात घुमत होते. ब्रेक दाबला गेला. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. तपासनीसाने शिक्का मारला आणि म्हणाला, "आता ही नाकासमोर चालेल. वर्षभर रस्त्यावर हरकत नाही."

चालकाने किल्ली आणून थोरलीच्या हातात दिली. आजूबाजूचे लोक पास झालेल्या गाड्या घेऊन निघत होते. ती मात्र उभीच राहिली. पास मी झाले होते. तिचे हात कोणी तपासले नव्हते आणि ती काही बोलली नसती तर कोणी विचारणारही नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तिने किल्ली धाकटीपुढे धरली.

"आज तू चालव. माझे हात अजून जुन्याच गाडीत आहेत."

धाकटीने किल्लीकडे पाहिले. "आणि मी परत दोरी ओढली तर?"

"तर सांगेन. तू मला सांगितलंस तसंच. फक्त मी ऐकलं नाही, तू ऐक."

धाकटी आसनावर बसली. तिने आसन पुढे ओढले, आरसा आपल्या उंचीचा केला, आणि आम्ही निघालो. हळू, पण सरळ. थोरली शेजारी बसून प्रत्येक थांब्याला तिच्या हातांकडे बघत होती, शाळेतल्या पोरीसारखी.

मित्रांनो, आता रोज पहाटे, वाळवणाच्या मैदानावर दोऱ्या बांधायच्या आधी, थोरली मला घेऊन एकटीच फेऱ्या मारते. ब्रेक दाबते, हात सरळ ठेवते. कधी जमते, कधी जमत नाही. रस्त्यावर अजून धाकटीच असते. पुढच्या तपासणीची तारीख दोघींनी यंत्रामागच्या भिंतीवर लिहून ठेवली आहे आणि दारातून ती मला रोज दिसते. म्हातारपणी परीक्षेची भीती जात नाही, हे मी तुम्हाला अनुभवाने सांगते.

तुमच्याकडेही एखादी गाडी असेल, निदान सायकल असेल. तिला पुसा, चमकवा, पण तेवढ्यावर थांबू नका. खाली वाका आणि तिचे पोट बघा. तिची मुदत संपायच्या आत तपासणीचे केंद्र शोधा. अधूनमधून ती दुसऱ्याच्या हातात द्या आणि विचारा, ओढते का गं? आणि समोरच्याने हो म्हटले, तर कृपा करून त्याच्यावर रागावू नका. आम्हाला बोलता येत नाही. आमच्या वतीने कोणीतरी बोलत असेल, तर त्याला बोलू द्या.